ड्रायरच्या व्हेंटशेजारी सुखाने नांदण्याचा विधी

न्यू जर्सीत टाउनहाउस घेताना मराठी माणूस शाळेचं रेटिंग बघतो, स्टेशन किती मिनिटांवर ते बघतो, दार दक्षिणेला नाही ना याची होकायंत्राने खात्री करतो. ड्रायरचं व्हेंट बाहेर कुठे उघडतं, हे मात्र कोणी विचारत नाही. बिल्डर हे ओळखून असतो. म्हणूनच ते चार इंची भोक त्याने डेकखाली, एसीच्या बाहेरच्या युनिटला खेटून पाडलेलं असतं.

सुरुवात निरीक्षणाने करावी. टॉवेलांचा घाणा लावावा आणि चहाचा कप घेऊन डेकवर उभं राहावं. थोड्याच वेळात लिंटची, म्हणजे कपड्यांतून सुटलेल्या तंतूंची, राखाडी भुरभूर सुरू होते. ती आधी झुडपांवर बसते, मग भिंतीवर, मग चहात. नवे टॉवेल जास्त उदार असतात. दिवाळीच्या कुर्त्यांनंतर भुरभुरीला गुलाबी झाक येते आणि खरेदीची बातमी शेजारी पोचते. जानेवारीत वाफ भिंतीवर गोठते, लिंट त्या बर्फात अडकून बसतं. मग थंडी ओसरेपर्यंत काही करायला नको.

यानंतर घरातल्या कर्त्या पुरुषाला हमखास सुचणारी कल्पना म्हणजे व्हेंटच्या तोंडाला जाळी. अवश्य लावावी. लिंट बाहेर येणं तात्काळ थांबतं. ते आत तुंबतं, गरम हवेला वाट उरत नाही आणि तासाभरात वाळणारी जीन्स दोन तासांनीही दमट निघते. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत या जाळीला साफ मनाई आहे, पण नियम वाचून घर कोण चालवतं? 2008 ते 2010 या काळात तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे 2,900 आगी लागल्याचा सरकारी अंदाज आहे, आणि कारणांत पहिला नंबर साफसफाई न करण्याचा. अग्निशमन दलाची गाडी दारात आली की शेजाऱ्यांशी ओळखी मात्र भराभर होतात.

एसीचं युनिट हवा आत ओढतं, तेव्हा लिंटही ओढतं. पातळ पत्र्यांवर त्याची गोधडी चढली की ऐन जुलैत घर गार होईना. वीज बंद करावी, बागेतल्या पाइपची हलकी धार सोडावी. जोरदार प्रेशर वॉशर वापरल्यास पत्रे वाकतात आणि मेकॅनिकची मुलं कॉलेजात जातात.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आई ड्रायरच्या आतल्या जाळीवरचा लिंटचा गोळा हातात घेऊन म्हणतील, “एवढा कापूस फेकता? वाती होतील की!” त्यात निम्मं पॉलिएस्टर असतं, हे त्यांना देवासमोर सांगू नये. मग त्या डेकवर दोरी बांधायला सांगतील. दोरीने परिसराच्या शोभेला बाधा येते, असं सोसायटीचं पत्र येईल. झुडपांवरच्या राखाडी लिंटने येत नाही.

इतकं करूनही समाधान नसेल, तर व्हेंट हलवावं. गुळगुळीत धातूचा पाइप घ्यावा, सांध्यांना स्क्रू मारू नयेत. आत आलेल्या टोकांना लिंट अडकतं. लांबीची सर्वसाधारण मर्यादा 35 फूट. प्रत्येक काटकोनी वळणामागे साधारण 5 फूट वजा. तोंड कुठल्याही दार-खिडकीपासून निदान 3 फूट लांब हवं. शेजाऱ्यांच्या डेकबद्दल नियम फारसं बोलत नाही.