जीर्ण पिकअपमधील अज्ञातमूल ध्वनी : लक्षण, प्रकार आणि शोधपद्धती

ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे अनुबंधचतुष्टय सांगावे, असा प्राचीन शास्त्रकारांचा दंडक आहे. त्यास अनुसरून : जीर्ण पिकअपमध्ये उत्पन्न होणारा आणि ज्याचे उगमस्थान कळत नाही असा ध्वनी, हा येथील विषय. त्या ध्वनीची निवृत्ती हे प्रयोजन. ती न साधल्यास निदान चालकाची चित्तशांती. संबंध प्रतिपाद्य-प्रतिपादकाचा, तो नेहमीचाच. अधिकारी म्हणजे ज्याच्या नावावर अशी पिकअप आहे तो मनुष्य. ज्याने ती विकून टाकली तो मुक्त होय. त्याला या शास्त्राची गरज उरत नाही.

पूर्वसूरींचे या विषयाकडे लक्ष गेलेले दिसत नाही. पंडित भातखंड्यांनी हिंदुस्थानी राग दहा थाटांत बसविले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मृदंग-तबल्याच्या चामड्यातून सुसंवादी स्वर कसे उमटतात याचा शोध घेतला. परंतु रिकाम्या हौद्याच्या फाळक्यातून विसंवादी स्वर कसे उमटतात, हा प्रश्न दोघांच्याही कक्षेबाहेर राहिला. ती उणीव यथाशक्ती भरून काढणे हा प्रस्तुत लेखनाचा हेतू आहे.

प्रथम लक्षणविचार. मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. सबब आठ वर्षे उलटलेली पिकअप जीर्ण, असे परिवहनवाद्यांचे म्हणणे. हे लक्षण सदोष आहे. चार वर्षे वाळू वाहिलेली गाडी त्यातून निसटते, ही अव्याप्ती. आणि हौशी मालकाने ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली गाडी त्यात सापडते, ही अतिव्याप्ती. आमचे लक्षण असे : नेहमीचा एखादा आवाज अचानक बंद झाल्यास जिचा मालक घाबरतो, ती पिकअप जीर्ण होय. तसेच, ज्या ध्वनीचे कारण किमान तीन जाणकारांनी छातीठोकपणे सांगितले असून तिन्ही कारणे भिन्न आहेत, तो ध्वनी अज्ञातमूल होय. फुटलेल्या सायलेन्सरचा आवाज या व्याख्येत बसत नाही, कारण त्याविषयी सबंध गावाचे एकमत असते.

ध्वनीच्या उत्पत्तीविषयी आम्ही वैशेषिकांचे मत आधारभूत मानतो. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण असून तो तीन प्रकारे उपजतो : संयोगापासून, विभागापासून आणि शब्दापासून. भेरीवर काठी आदळली की संयोगज. वेळू चिरला की विभागज. आणि एका शब्दातून दुसरा निघत गेला की शब्दज. पिकअपला ही व्यवस्था तंतोतंत लागू पडते. फाळक्याची कडी पत्र्यावर आपटते तो संयोगज, पाट्याची पाने दाबली जाऊन सुटताना कुरकुरतात तो विभागज. तिसऱ्या प्रकाराचे महत्त्व फार मोठे असल्याने त्याचे विवेचन शेवटी येईल.

आता जातिविचार. अज्ञातमूल ध्वनीच्या मुख्य जाती पाच.

(१) खडखड. हा स्थूल, निर्भय आणि बहुमुखी ध्वनी होय. फाळक्याच्या कड्या, हौद्याखाली टांगलेली स्टेपनी, सीटमागे नुसताच टेकवून ठेवलेला जॅक, एका स्क्रूवर लोंबणारी नंबरप्लेट ही याची माहेरघरे. याचे व्यवच्छेदक लक्षण असे की, टोमॅटोचे कॅरेट थरावर थर रचून दोर आवळला की हा लुप्त होतो, आणि नारायणगावच्या बाजारात माल उतरताच पुन्हा प्रकट होतो. म्हणून आम्ही याला ‘रिक्तज’ अशी संज्ञा देतो. भाव पडलेल्या दिवशी परतीच्या वाटेवर खडखड अधिक मोठी येते, असे अनुभवी चालक सांगतात. परंतु हा भेद ध्वनिनिष्ठ नसून श्रोतृनिष्ठ असल्याने येथे विचारात घेतलेला नाही.

(२) कुरकुर. पाटे, शॅकल आणि रबरी बुश यांच्यापासून ही संभवते. पाट्यांमधले ग्रीस वाळले, बुश झिजले, धूळ बसली की प्रत्येक गतिरोधकावर ती तक्रार नोंदविते. मृग बरसला आणि पाट्यांत पाणी शिरले की कुरकुर थांबते. पाटे चातुर्मासात मौन पाळतात, हा सिद्धांत आम्ही यावरूनच मांडला. पावसाळ्यात ‘आवाज गेला’ म्हणून मिस्त्रींना पेढे देणाऱ्या मालकांनी दिवाळीपर्यंत थांबावे. कुईकुई ही कुरकुरीची पोटजात मानावी की स्वतंत्र जात, यावर गॅरेजांत अद्याप एकमत नाही. आमच्या मते ती स्वतंत्र आहे, कारण कुरकुरीला खड्डा लागतो, तर कुईकुई ही इंजिनच्या ढिल्या पट्ट्याची असल्याने थंडीच्या सकाळी उभ्या गाडीतही होते.

(३) घरघर. चाकाच्या बेअरिंगची घरघर वेगाबरोबर चढते. गाडी डावीकडे वळविली की भार उजव्या चाकांवर जातो; तेव्हा घरघर वाढल्यास दोष उजवीकडचा समजावा. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा, असे दोन सूर निघाले तर मात्र संशय मागच्या क्राउन-पिनियनवर जातो, आणि त्याबरोबर मालकाचा हात खिशावर जातो.

(४) टकटक. ही द्विविधा. टॅपेटची टकटक अखंड असते. चार-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने तिची लयही इंजिनच्या मानाने विलंबित असते. दुसरी प्रसंगोपात्त, ती प्रॉपेलर शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसची. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये येताना ती एकदाच ‘टक्’ करते आणि आपल्याकडून सूचना दिली गेली, असे मानून स्वस्थ बसते.

(५) खुळखुळ. दाराच्या पोकळीत पडलेला नट. याचा शोध घेऊ नये.

जातिनिर्णयानंतर प्रमाणविचार. प्रत्यक्ष प्रमाण येथे दुबळे ठरते, आणि त्याची कारणे दोन. पहिले म्हणजे, समोरून आणि पाठीमागून येणारा ध्वनी दोन्ही कानांवर एकाच वेळी पडत असल्याने पुढचे-मागचे ओळखण्यात श्रोत्रेंद्रिय फसते. दुसरे असे की, हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाणारा ध्वनी पोलादातून ५,००० मीटरच्या आसपास धावतो. मागच्या पाट्यात झालेला आवाज चॅसीतून चालकाच्या आसनाखाली येऊन ठेपतो, आणि चालक बोनट उघडून उभा राहतो. यावर साधन म्हणून लांब स्क्रूड्रायव्हर वापरावा. त्याचे टोक संशयित बेअरिंगवर टेकवून मूठ कानाशी धरली असता आतली खरखर स्वच्छ ऐकू येते. १८१६ मध्ये रेने लायनेक यांनी कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून जे साधले, तेच आमचे मिस्त्री ओठांत विडी धरून साधतात. स्क्रूड्रायव्हर फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावा, एवढे पथ्य आहे.

अनुमान प्रमाण अधिक बलवान. त्याची पद्धत अन्वय-व्यतिरेकाची : जे असता आवाज असतो आणि जे नसता आवाज नसतो, ते त्याचे कारण. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून रेस द्यावी. आवाज आल्यास कारण इंजिनकडे. उतारावर क्लच दाबून गाडी सोडावी; आवाज टिकल्यास कारण चाकांकडे. क्लच दाबताच जो सुरू होतो तो रिलीज बेअरिंगचा, आणि दाबताच जो थांबतो तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडचा. हा विवेक पाळला असता तर महाराष्ट्रातील कित्येक निरपराध शॉकअ‍ॅबसॉर्बर बदलावे लागले नसते.

सर्वांत गहन प्रमाण म्हणजे अनुपलब्धी. भूतलावर घट दिसत नाही म्हणून घटाचा अभाव कळतो, असे भाट्ट मीमांसक सांगतात. गॅरेजच्या आवारात आवाज येत नाही म्हणून आवाजाचा अभाव सिद्ध होतो काय? या प्रश्नावरील शास्त्रार्थ आम्ही प्रत्यक्ष ऐकला आहे, तो जसाच्या तसा देतो.

“मिस्त्री, काहीतरी वाजतंय.”

“कुठं?”

“मागून. म्हणजे… कधी कधी पुढून.”

“चालू करा बरं. कुठंय आवाज?”

“आत्ता नाही येत.”

“मग नाहीच शेठ. असता तर आला असता.”

मिस्त्रींचा हा पक्ष शुद्ध अनुपलब्धिवादाचा आहे. परंतु उपलब्धीची योग्यता असताना वस्तू दिसली नाही, तरच अभाव सिद्ध होतो, अशी त्या प्रमाणाची अट आहे. गॅरेजमध्ये गाडी उभी असते, खड्डा नसतो, वेग नसतो. मग योग्यता कोठून यावी? मिस्त्रींना गाडीत बसवून ओतूर रस्त्यावर न्यावे, हा आमचा उत्तरपक्ष. त्यावर त्यांनी चहा मागविला.

संप्रदायांचा विचार थोडक्यात. हौदावादी संप्रदायाच्या मते सर्व आवाज हौद्यातूनच येतात. याचे अनुयायी बहुधा केबिनमध्ये बसणारे असतात. पाटावादी संप्रदाय पाट्यांची कामे करणाऱ्यांत प्रबळ असून त्यांच्यापुढे गाडी उभी केली की सेंटर बोल्ट तुटलेला आढळतो. क्रॉसवादी आणि बुशवादी हे त्यांचेच दूरचे भाऊबंद होत. जो ज्या भागाचे काम करतो त्याला त्याच भागात दोष दिसतो, या घटनेस आम्ही ‘स्वशास्त्रदर्शन’ म्हणतो. ग्रीसवादी हे कर्मकांडी : कारण कोणतेही असो, सर्व निपलांना ग्रीस मारावे, फळाची आशा धरू नये. टेपवादी हे मायावादी : आवाज मुळात नाहीच, श्रोत्याचे अवधान हेच त्याचे अधिष्ठान, सबब टेपचा आवाज वाढवावा. या मताचे खंडन करणे कठीण आहे, कारण ते मांडणाऱ्यास ते ऐकू जात नाही.

या सर्व संप्रदायांनी एका तत्त्वाकडे दुर्लक्ष केले, ते आवरणतत्त्व. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. खडखड काढली की तिच्याखालची कुरकुर दिसू लागते, कुरकुर काढली की घरघर. म्हणून ‘दुरुस्तीनंतर नवा आवाज लागला’ ही मालकांची तक्रार बहुतांशी निराधार असते. तो आवाज जुनाच, त्याला आता कोठे जागा मिळाली. येथे ‘बहुतांशी’ हे पद आम्ही जाणूनबुजून योजले आहे, आणि त्याचा उलगडा शब्दज ध्वनीच्या विवेचनात होतो.

प्रस्तुत लेखकाच्या पिकअपमध्ये पाट्यांची कुरकुर होती. तिच्या निवृत्त्यर्थ एका गॅरेजमध्ये गाडी दिली. यू-बोल्ट सोडले, पाने साफ झाली, ग्रीस भरले, बोल्ट पुन्हा आवळले, कुरकुर गेली. परंतु त्याच आठवड्यात ‘टण्’ असा एक धातुज ध्वनी सुरू झाला. हा पाचांपैकी कोणत्याही जातीत बसेना. भरल्या गाडीत येई, रिकाम्या गाडीतही येई. म्हणून रिक्तज नव्हे. इंजिनच्या गतीशी त्याचा संबंध नव्हता. पाटावाद्यांनी तो मागे ऐकला, बुशवाद्यांनी पुढे ऐकला, आणि दोघांनीही खोलून पाहिले. ग्रीसवाद्यांनी ग्रीस मारले.

अखेर क्लीनरला हौद्यात पालथे झोपवून, कान फळीला लावून, मळ्याच्या कच्च्या रस्त्याने गाडी हळूहळू चालविली. थोड्या वेळाने तो ओरडला, “शेठ, हे पळतंय!” त्याचे निरीक्षण असे : ब्रेक मारला की आवाज पुढे जातो, अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागे येतो. ज्या ध्वनीचे अधिकरण स्थिर नाही त्याविषयी पुढचे-मागचे म्हणणारे दोन्ही पक्ष एकाच वेळी खरे आणि एकाच वेळी व्यर्थ ठरतात, हे येथे प्रथमच सिद्ध झाले. गाडी उभी केली. क्लीनरने खाली शिरून चॅसीच्या चॅनलमध्ये हात घातला, ब्रेक पाइपच्या बाजूने कोपरापर्यंत आत नेला, आणि ग्रीसने माखलेला एक पाना बाहेर काढला.

वैशेषिकांच्या तिसऱ्या प्रकाराचे यापेक्षा निर्दोष उदाहरण उपलब्ध नाही. कुरकुर या शब्दापासून तिचा शोध, शोधापासून पाना आणि पान्यापासून टणत्कार असा हा शब्दज ध्वनी होय. अज्ञातमूल ध्वनीच्या शोधार्थ गाडी जितक्या वेळा खोलावी तितकी शब्दजाची संभावना वाढते, असा आमचा सिद्धांत आहे. म्हणून आवाज सहन होत असेल आणि ब्रेक, स्टेअरिंग व चाके यांच्याशी त्याचा संबंध नसेल, तर तो तसाच राहू द्यावा, हा निर्णय.

सदर पाना १२-१३ मापाचा, दुतोंडी असून त्याच्या मध्यभागी लाल रंगाची खूण आहे. ज्या मिस्त्रींचा असेल त्यांनी खूण पटवून घेऊन जावा. येताना आमच्या जॅकचा दांडा आणावा.