किती मीटर हाय जी?

टीव्हीवरच्या एका युद्धतज्ज्ञांनी परवा रात्री सांगून टाकलं, की युक्रेनमधली मनुष्यहानी दोन्ही बाजूंसाठी अजून 'सहन करण्याच्या पातळीत' आहे. पुण्या-मुंबईत खपून गेलं असेल. भंडाऱ्याजवळच्या आमच्या कारध्यात नाही खपायचं. पातळी हा आमचा विषय आहे. वैनगंगेची इथली इशारा पातळी 245 मीटर आणि धोक्याची 245.50, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक. पावसाळ्यात पाहुणा आला तर आधी प्यायला पाणी देतात आणि लगेच पुलाजवळचं पाणी कुठवर आलंय ते सांगतात. तेव्हा तज्ज्ञांच्या तोंडून पातळी निघाली आणि टपरीच्या बाकड्यावरून प्रश्न गेला, "किती मीटर हाय जी?"

उत्तर आलं नाही. जाहिरात लागली.

पण प्रश्न रास्त होता. सहन करायची पातळी आहे म्हणता, तर ती कुठल्या खांबावर रंगवलीय? रेघ मारली कुणी? तासातासाला आकडा कोण घेतं? आमच्याकडे इशारा आणि धोका यांच्यात अर्ध्या मीटरचं अंतर. अर्धा मीटर म्हणजे जेमतेम गुडघाभर. तेवढ्यासाठी लहान पुलावर कठडे लागतात, पोलीस उभा राहतो, भंडाऱ्याला निघालेली पोरं मोठ्या पुलावरून वळसा घालतात, काठावरच्या घरांतलं धान्य माळ्यावर चढतं. नदी 245.50 ला टेकली की कुणी तज्ज्ञ येऊन सांगत नाही, की घाबरू नका, नदीचं मनोबल उंच आहे, अजून दीड मीटर आरामात परवडेल.

मग युद्धाला पट्टी का नको? थट्टा नाही करत. एक लोखंडी पट्टी घ्यावी, पांढऱ्यावर लाल रंगाने हजारांचे आकडे टाकावेत आणि लढणाऱ्यांच्या राजधानीत भर चौकात रोवावी. 24 फेब्रुवारी 2022 ला शून्य. तेव्हा तर काही दिवसांत निकाल लागायचा होता. 19 नोव्हेंबर 2024 ला हजार दिवस भरले, तेव्हा पडद्यावर 1000 असा काही झळकला, की फक्त केक कापायचा राहिला होता. त्या वर्षाअखेरपर्यंत युक्रेनमध्ये 12,000 हून जास्त साध्या नागरिकांचे मृत्यू पडताळून झाले होते. हे पडताळलेले. सैनिक किती गेले ते दोन्ही सरकारं धड सांगत नाहीत. म्हणजे ज्या नदीचं पाणी मोजायचंच नाही असं ठरलंय, ती सहन करण्याच्या पातळीत आहे हे मात्र स्टुडिओत बसून कळतं.

रेघ कुठे मारायची यावर टपरीवर समितीच बसली. निवृत्त गुरुजी म्हणाले, एक हजार. बाकीच्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी चहात मीठ मागितलं. मोबाइलवाला पोरगा म्हणाला, गुरुजी, मोठे देश आहेत, एक लाख तरी धरा. तिसऱ्याचं म्हणणं, सरसकट रेघ अन्यायाची, लोकसंख्येच्या टक्क्यात काढा. मग प्रश्न आला, की मोजायचं कुणाला. सैनिक पूर्ण धरायचा, यावर एकमत. लहान मुलांचं काय? गावात यावर तयार नियम आहे, एसटीचा. पाच ते बारा वर्षं अर्धं तिकीट, पाचाखाली तिकीटच नाही. म्हणजे सात वर्षांची मुलगी ढिगाऱ्याखाली सापडली तर अर्धी नोंद आणि तान्हं बाळ असेल तर आईच्या मांडीवर, नोंद नाही. आईचंही बघावं लागेल, कारण मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा तीही अर्धीच. पंच्याहत्तरीच्या पुढचे तर मोफत, ते मोजायचेच नाहीत. हा हिशेब जमला तेव्हा आम्ही सगळे खूष झालो, कारण गाझातल्या मृतांचा आकडा मार्च 2025 मध्ये 50,000 च्या वर गेला होता, त्यात बायका, मुलं आणि म्हातारी माणसं ढिगाने होती, आणि एसटीचा दर लावला की तो बराच खाली उतरवता येतो. बघता बघता धोक्याचा इशारा होतो, इशाऱ्याचं 'सर्वसाधारण' होतं. तज्ज्ञांनी ही कल्पना फुकट न्यावी. नाही तरी दुसरं काय चाललंय? कोण नागरिक, कोण अतिरेकी, कोण 'मानवी ढाल', कोण 'दुर्दैवाने तिथे होता', हे सवलतींचे तक्तेच आहेत. आमची एसटी निदान सवलत उघड लिहून ठेवते.

इंग्रज या बाबतीत सरळ होता. पहिलं महायुद्ध 1914 च्या नाताळपर्यंत संपेल असं म्हणत म्हणत चार वर्षं चाललं. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात उपाशी अडकल्या. हिंदुस्थानातले 74,000 वर सैनिक त्या युद्धात गेले. मग साहेबाने गावोगावी दगड बसवले. या गावातून महायुद्धाला गेले इतके, प्राण दिले इतके. साताऱ्या-रत्नागिरीकडे फिराल तर दिसतील. नावं नाहीत, नुसते आकडे. पण दगडावर तरी आहेत. ते पुसायला छिन्नी लागते, टीव्हीवरचे पुसायला एक क्रिकेटचा सामना पुरतो.

आता कुणी म्हणेल, कारध्याला कुठल्या लांबच्या लढाईचं काय पडलंय. ऑगस्ट 2020 विचारा इथल्या कुणालाही. पाऊस पडला वर मध्य प्रदेशात, दरवाजे उघडले सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे, आणि महिनाअखेरीला घरं बुडाली कारध्यात, भंडाऱ्यात, पवनीत. खाली गोसीखुर्दचे 33 च्या 33 दरवाजे उघडावे लागले. आधी नीट कळवलं असतं तर, यावर नंतर महिनोन् महिने चर्चा झाली. दरवाजा उघडणाऱ्याची चप्पलही ओली होत नाही, हे आम्हाला युद्धशास्त्र न शिकता कळतं. माझी तज्ज्ञांना विनंती आहे. येत्या ऑगस्टात या. लहान पुलाच्या मधोमध खुर्ची टाकून देतो, चहा आमच्याकडून. पाणी घोट्याला लागलं की सांगा सहन होतंय का. गुडघ्याला लागलं की पुन्हा सांगा. वरचे दरवाजे केव्हा बंद करायचे ते आम्ही स्टुडिओत बसून ठरवू, पॅनेलवर आठजण घेऊन, मध्ये दोन जाहिराती.

आणि आवाज! मे 2025 मध्ये चार दिवस आपल्या सीमेवर धुमश्चक्री झाली, तर स्टुडिओत भोंगे इतके वाजले की खऱ्या हल्ल्याचा भोंगा लोक ओळखणार नाहीत म्हणून ते वाजवू नका, असं सरकारला सांगावं लागलं. एका रात्रीत शहरं काबीज झाली, बंदरं उडाली, सकाळी सगळी जागच्या जागी. पूंछमध्ये मात्र तोफगोळ्यांनी खरी घरं फुटली, खरी पोरं मेली. त्यांच्यासाठी भोंगा नाही, तळाला एक पट्टी, तीही शेअर बाजाराच्या वर.

युक्रेनच्या खार्किवमध्ये 1 मार्च 2022 ला एक भारतीय विद्यार्थी किराणा आणायला बाहेर पडला होता, तो मेला. एमबीबीएस शिकणारा. तेव्हा इथे शहाणे विचारत होते, तिकडे तडफडायला गेलेच कशाला? अरे, इथल्या खाजगी कॉलेजच्या फीचा आकडा बघितलाय का कधी? ती फी कुठल्या बापाच्या सहन करण्याच्या पातळीत आहे? धानाच्या शेतावर कर्ज काढून पोरगं पाठवायचं, आणि ते तळघरात मोबाइलची बॅटरी वाचवत बसलेलं असताना तुम्ही त्याला देशप्रेमाचे धडे द्यायचे. पुढे 'हेल्पर'ची नोकरी सांगून दलालांनी पोरं रशियाला नेली आणि हातात बंदूक दिली. जानेवारी 2025 मध्ये सरकारनेच आकडा दिला, 126 जण रशियाच्या सैन्यात, त्यातले 12 मेले, 16 बेपत्ता. बारा म्हणजे पट्टीवर दिसणारसुद्धा नाही. रंगाच्या जाडीत गेले.

जाऊ द्या, माझं रक्त आटवून उपयोग नाही, रोवणी तोंडावर आहे. युद्ध आमच्याकडे खताच्या दुकानात पोचतं. डीएपी मागितलं की दुकानदार मान हलवतो, "लढाई चालू हाय ना भाऊ." बरं, 1350 ची बॅग मिळालीच, तर तिच्यासोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची एक बाटली गळ्यात मारतो. याला लिंकिंग म्हणतात, ते बेकायदा आहे, आणि ते दर हंगामात होतं. मी विचारलं, बाबा, लढाईमुळे खत महागलं हे समजू शकतो, पण ही बाटली कुठल्या आघाडीवरून आली? लेबलवर मंगळसूत्र घातलेली बाई टोमॅटो धरून हसतेय. मी लावतो धान. तो म्हणाला, वरून आली. मी म्हटलं, आणि लढाई थांबली तर? भाव उतरेल? त्याने बॅग वजनकाट्यावरून ढकलली आणि बाटली वर ठेवली.

"उतरंल ना. पण मंग दोन बाटल्या घ्या लागतीन."