किल्ले चार, आत्या एक

हर्णैला जायचे तर आधी कालनिर्णय उघडावे लागते. १ जून ते ३१ जुलै सरकारच मासेमारी बंद ठेवते. ती उठते न उठते तोच आमच्याकडे श्रावण बसतो. मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. उरलेल्या महिन्यांतून सोमवार, गुरुवार, एकादशी आणि संकष्टी वगळून जो दिवस हाती लागतो, त्या दिवशी सगळा महाराष्ट्र दापोलीच्या रस्त्यावर असतो.

गावाला किल्ले चार. सुवर्णदुर्ग समुद्रात. कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला काठावर, इतके जवळजवळ की एकात फोडणी पडली तर दुसऱ्यात ठसका लागावा. कनकदुर्गावर दीपगृह आहे, फत्तेगडावर वस्ती. तिथे तट शोधताना आम्ही कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांतून दोनदा आरपार गेलो. सुवर्णदुर्गाला होडीने जाताना भावोजींनी इतिहास सांगितला : १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला पाडाव केला. "घरचं भांडण मिटवायला बाहेरचा बोलवायचा, आमच्या सोसायटीतही हेच चालतं," असे म्हणून त्यांनी पार्किंगचा विषय काढला आणि किल्ला येईपर्यंत सोडला नाही. दरवाजातले कोरीव कासव पाहिले तेव्हा जरा हायसे वाटले. ते काही बोलत नव्हते.

पण खरे हर्णै दुपार कलल्यावर सुरू होते. मोठ्या होड्या पाण्यातच उभ्या राहतात आणि मासळी आणायला चक्क बैलगाड्या समुद्रात शिरतात. बैलांच्या चेहऱ्यावर मात्र सरकारी कर्मचाऱ्याची शांतता. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबी, माकुल यांचे ढीग पडतात आणि लिलाव पुकारला जातो. बोली इतक्या वेगाने चढते, की आपण आकडा ऐकेपर्यंत माल टोपलीत आणि टोपली डोक्यावर गेलेली असते.

आमची आत्या दादरची. तिने पुकारणाऱ्याला थांबवून ढिगातली दोनच पापलेटे मागितली. त्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आत्याच्या आयुष्यात हे प्रथमच घडत होते.

शेवटी ढीग घेतलेल्या एका मावशींकडे ती वळली. कल्ले उघडून पाहिले, पोट दाबले, नाक मुरडले.

"आमच्याकडे दादरला यापेक्षा स्वस्त मिळतं."

"मंग दादरलाच घ्या," मावशी म्हणाल्या. "ह्योच माल जातोय. तो बघा ट्रक. उद्या सकाळी भेटंल."

आत्याने ट्रककडे पाहिले, त्यात भरल्या जाणाऱ्या बर्फाकडे पाहिले आणि पिशवी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती झाला, मुरुडचा किनारा झाला. देवाला जायचे म्हणून सकाळी वरणभात होता. त्याबद्दल कुणाला काही सांगण्यासारखे नाही.

मावशींनी मात्र मासे कापता कापता चौकशी केली होती. "काय काय बघितलात?" भावोजींनी उत्साहाने चारही किल्ले मोजून दाखवले.

"सुवर्णदुर्गात मी नाय गेले कधी."

"अहो, समोर तर आहे!"

"मंग? तितं जाऊन काय दिसनार? हर्णैच ना?" मावशींनी कोयता धुतला. "कापायचे वीस येगळे."