तिथी गुणिले पाऊण

वाशिष्ठी नदी सरकारदरबारी ‘राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८’ आहे. २०१६च्या कायद्यानंतर देशात असे एकूण १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यात चिपळूणजवळच्या पेढे गावच्या पुलापासून दाभोळच्या मुखापर्यंतचे ४५ किलोमीटर आले. मे महिन्यातल्या ओहोटीला हाच राष्ट्रीय जलमार्ग जागोजाग चिखलाच्या पाठी वर काढतो आणि त्यांवर मगरी निवांत पडून असतात. ही बातमी काकांपर्यंत मात्र पोचलेली नसते.

काका कुठलेही घ्या. डोंबिवलीचे, कोथरूडचे, ठाण्याचे. मोबाइलवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा करता करता त्यांना चिपळूणपासून समुद्रापर्यंत गेलेली निळी पट्टी दिसते आणि रात्रीच्या जेवणाला ते जाहीर करतात, “यंदा महाबळेश्वर नाही. होडी!” छोटी होडी, सावकाश प्रवास, दोन्ही काठांना डोंगर, हातात कोकम सरबत. सकाळी सातला चिपळूणच्या गोवळकोट जेट्टीवरून प्रस्थान, साडेदहाला अल्पोपाहार, एकला दाभोळ. निवृत्त होईपर्यंत माणसाने नोकरी रेल्वेत काढलेली असली की असं वेळापत्रक आपोआप तयार होतं.

काकू एकच प्रश्न विचारतात, “आणि बायकांनी जायचं कुठे?”

संपूर्ण बेतात हा एवढाच प्रश्न अनुभवाचा असतो, त्यामुळे त्याला उत्तर मिळत नाही. मग होडी चालवणाऱ्या तांडेलांना फोन लागतो.

“किती वाजता निघायचं, मामा?”

“पाणी बघून.”

“ते झालंच हो. पण वाजता किती?”

“त्या दिवशी तिथी काय आहे?”

इथे काका अडतात. तारीख पाठ, वार पाठ, परतीच्या गाडीचा डबा नि बर्थसुद्धा पाठ. तिथी मात्र ठाऊक नाही. काकू स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणतात आणि त्या क्षणी सहलीची सूत्रं त्यांच्याकडे जातात.

कोकण किनाऱ्यावरचा हिशेब जुना आणि सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर सव्वाअकरा-बारा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. आणि साधारण साडेबारा तासांनी दुसरी भरती. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. एवढ्यावर पिढ्यान् पिढ्यांच्या होड्या चालल्या. अर्थात हा आकडा किनाऱ्यावरचा. मुखाशी भरलेलं पाणी खाडीतून वर चढत गोवळकोटला पोचायला आणखी वेळ घेतं आणि तो किती, हे तांडेलालाच विचारावं लागतं.

काका खूश होतात. अष्टमी! पहाटे सहाची भरती, पाणी उतरू लागलं की त्याच्याबरोबर खाली, आणि ऊन चढायच्या आत दाभोळ. “अष्टमीचं बुक करा,” ते सांगतात.

“अष्टमीला भांग असतो,” तिकडून उत्तर येतं.

काका क्षणभर गप्प होतात. होळी तर कधीच होऊन गेली. मामा मग समजावतात: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचं ते उधाण, तेव्हा पाणी भरपूर चढतं नि भरपूर उतरतं, सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा तो भांग, तेव्हा भरती येते पण जीव नसल्यासारखी. वरच्या अंगाला जिथे गाळ साचलाय, तिथे भांगाच्या पाण्यावर भरलेली होडी घासत जाते. मग पौर्णिमा धरावी तर पाणी भरपूर, पण भरती ऐन दुपारी. म्हणजे सूर्य डोक्यावर असताना निघायचं. त्यात मे महिन्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, तो थेट तोंडावर. खाली चाललेलं पाणी आणि वर येणारा वारा समोरासमोर आले की खाडीत आखूड, आडमुठ्या लाटा उठतात, आणि कोकम सरबत हातात राहत नाही, अंगावर येतं. जमिनीकडून येणारा शहाणा मतलई वारा पहाटे असतो. तेव्हा उधाणाचं पाणी ओहोटीला लागलेलं असतं.

थोडक्यात, सोयीच्या वेळी पाणी नसतं आणि पाणी असतं तेव्हा सोय नसते. काही योगायोग नाही हा. या किनाऱ्यावर भरतीचं घड्याळ चंद्राला असं बांधलेलं आहे की उधाण नेहमी मध्यान्हीला आणि मध्यरात्रीलाच येणार. रेल्वेत असा अन्याय कधी खपवून घेतला नसता, असं काकांचं मत आहे.

होडीच्या वाट्याला आलेली दुसरी गोष्ट म्हणजे सामान. पाच माणसांच्या एका दिवसाला काकू जे बांधतात त्यात गुळपोळ्या, लाडू, लोणच्याची बरणी, दोन फणस (वाटेत घेतलेले), पत्ते, छत्र्या आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेली सतरंजी असते. तांडेल हे सगळं काठावरून शांतपणे पाहतात, एक फणस उचलून जेट्टीवर ठेवतात आणि त्या जागी प्लॅस्टिकचा कापलेला डबा टाकतात. तो होडीत येणारं पाणी उपसायला. लाइफ जॅकेट मात्र प्रत्येकाला घालायला लावतात, आणि काकांनी “मला पोहता येतं” म्हटलं की काठावर बोट दाखवतात. तिथे मगर असते. काही वेळा ती ओंडक्यासारखी दिसते, काही वेळा तो खरोखर ओंडका असतो. गावात तिला सुसरच म्हणतात.

मगरींचाही तोच त्रास. त्या बघायच्या तर ओहोटी हवी, कारण चिखल उघडा पडला की त्या वर येऊन पडतात. होडी चालवायची तर भरती हवी. त्यातून भरती उतरत असताना होडी रुतली, तर पाणी वाढून ती आपोआप सुटेल ही आशा पुढचे सहा-आठ तास तरी सोडून द्यावी. म्हणून जाणता तांडेल पाणी पुरतं भरायच्या थोडं आधीच निघतो; टेकली तरी चढतं पाणी उचलून घेतं. पत्त्यांचा खरा उपयोग न ऐकणाऱ्यांना होतो.

बाकी मे महिन्यात कोकणातल्या नद्या दगड मोजायच्या लायकीच्या उरतात, तेव्हा वाशिष्ठी वाहती असते, हे खरं. त्याचं श्रेय कोयनेला. धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येऊन वीज करतं आणि ते परत कृष्णेकडे न जाता वाशिष्ठीत उतरतं. १,९६० मेगावॉटचा प्रकल्प आहे हा. म्हणजे उकाड्याने हैराण झालेले मुंबईकर पंखे जोरात लावतात, त्याचा चिपळूणच्या नदीला थोडाफार फायदा.

खाली खाली जावं तशी खाडी रुंदावते. मागे गोवळकोटचा गोविंदगड लहान होत जातो, काठांना कांदळवन दाटतं, डोंगर मागे सरकतात. आणि एकदाचं दाभोळ येतं: किनाऱ्यालगत सतराव्या शतकातली घुमटाची मशीद, धोपाव्याहून गाड्या घेऊन येणारी फेरीबोट, आणि मुखाशी, दक्षिणेच्या काठावर, एन्रॉनने उभा केलेला वीजप्रकल्प. नाव दाभोळचं, जमीन पलीकडच्या गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरची. दाभोळकरांनी याबद्दल कधी भाडं मागितल्याचं ऐकिवात नाही.

बेत फसण्याची इथली परंपरा जुनी आहे. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितीन घरी परतायला याच दाभोळहून जहाजात बसला. जायचं होतं होर्मुझला. आधी दिसला हबसाणाचा, म्हणजे आफ्रिकेचा किनारा. त्या मानाने काका एकऐवजी साडेचारला दाभोळला लागतात, हे चांगलंच म्हणायचं.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी एवढं करावं. किनाऱ्यावरची पर्यटक नौकांची हंगामी वाहतूक २५ मेच्या सुमाराला आटोपते, तेव्हा बेत मेच्या पहिल्या पंधरवड्यातला ठेवावा. भांग नको, उधाणही नको, दशमी-एकादशी बघावी. किनाऱ्यावर साडेसात-सव्वाआठची भरती, वर गोवळकोटला आणखी थोडी उशिरा, म्हणजे निवांत चहा होतो आणि पाणीही बऱ्यापैकी चढलेलं असतं. त्यातही शक्यतो दशमीच धरावी. एकादशीला निम्म्या घराचा उपवास असतो, आणि दाभोळला उतरल्यावर भूक लागते ती तळलेल्या मांदेलीची.