गाडीचे जवळचे नातेवाईक

रविवारी सकाळी पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक बॉनेट उघडं असतं आणि त्यात एक गृहस्थ कंबरेपर्यंत वाकलेले असतात. शेजारी त्यांना उरलेल्या भागावरून ओळखतात. "काय झालंय गाडीला?" असं चुकूनही विचारू नये. विचारणारा दूध आणायला निघालेला असेल, तर त्या घरी त्या दिवशी कोराच चहा होतो.

गाडी पेट्रोलची, २०१४ सालची. दुखणं एकच, मिसिंग. तेही इंजिन चांगलं तापल्यावर, चढावर. खंबाटकी घाट अर्धा चढून झाला की झटके सुरू होतात, पिकअप जातो, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागतो आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून देतो. कडेला घेऊन थर्मासमधला चहा संपवला की गाडी मुकाट्याने साताऱ्याला पोचवते. गॅरेजमध्ये तर ती इतकी गुणी वागते की मिस्त्री मालकाकडेच संशयाने बघतो. मग गृहस्थ स्वतः आवाज काढून दाखवतात. "फट्... फट्फट्... हुंऽऽ." टायरवर बसलेली पोरं पाने खाली ठेवून हा कार्यक्रम बघतात.

मिस्त्री कुठलाही असो, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. बॉनेट उघडायचं, "च्च" करायचं आणि म्हणायचं, "कुठं केलं होतं हो हे काम?"

पहिल्याने चारही प्लग बदलले. दुसरा म्हणाला, "टाकीत कचरा आलाय," आणि पंपाचा फिल्टर काढला. तिसऱ्याने थ्रॉटल साफ केला. चौथ्याने कशालाही हात न लावता, डोळे मिटून, "इंजिन उघडावं लागेल," असं सांगितलं. २०२५ साली पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळू लागलं तेव्हा पाचव्याची सोयच झाली. इथेनॉल पाणी शोषतं हे खरं. पण या गाडीची मिसिंग त्याच्या बरीच आधीची, हे त्याला कोण सांगणार? गृहस्थांनीच सांगितलं, फाईल उघडून. फाईलमध्ये तारीख, किलोमीटर, हवामान आणि गाडीत किती माणसं होती याची नोंद आहे. "माझ्या गुडघ्याची फाईल एवढी जाड नाही," असं त्यांची बायको म्हणते. काढलेले जुने पार्ट ते मिस्त्रीकडून मागून घेतात आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवतात. नवे स्वतः नाना पेठेत जाऊन, ओरिजिनल की लोकल याची उलटतपासणी करून आणतात.

गृहस्थांवरचे मूळ संस्कार स्कूटरचे. स्कूटर आडवी केली, पेट्रोल कार्ब्युरेटरकडे गेलं, किक मारली की सुरू. यंत्र थोडं गोंजारलं की ऐकतं, ही श्रद्धा तेव्हापासूनची. कार आडवी करता येत नाही म्हणून त्यांनी दुसरा उतारा शोधला होता. प्रवासाहून आलं की बॅटरीची टर्मिनल काढायची, दहा मिनिटं थांबायचं, परत लावायची. दिवा जातो. गाडीला विश्रांती मिळते, असं त्यांचं मत.

सहाव्या गॅरेजातल्या पोराला हे कळलं तेव्हा तो हसायचा थांबेना. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की गाडी आपल्या दुखण्याचा कोड सांगते. पण बॅटरी काढली की ती स्मृतीच पुसली जाते. म्हणजे गृहस्थ दर वेळी पुरावा स्वहस्ते नष्ट करून फिर्याद द्यायला येत होते.

"आता कशालाही हात लावू नका आणि घाट चढून या, काका." काका गेले, आले. स्कॅनरवर पी ०३०३. शेवटचा ३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची मिसिंग. पोराने नवं काहीच घातलं नाही. तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल पहिल्यावर लावली, पहिलीची तिसऱ्यावर, आणि पुन्हा घाटात पाठवलं. या खेपेला पी ०३०१. दुखणं कॉइलबरोबर चालत गेलं होतं. तापली की ठिणगी चुकवायची, थंड झाली की पुन्हा शहाणी. थर्मासमधल्या चहाचं रहस्य ते एवढंच. कॉइल बदलली. मिसिंग गेली.

त्यानंतरचे दोन रविवार पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं नाही. गृहस्थ गाडी नुसती पुसत होते. कॉइल श्रीखंडाच्या डब्यात गेली, फाईल माळ्यावर.

तिसऱ्या रविवारी वरच्या मजल्यावरच्या तरुणाची नवी गाडी सुरू होईना. गृहस्थ चपला न घालताच खाली आले. बॉनेट उघडायला लावलं. मान तिरकी करून आत पाहिलं, "च्च" केलं.

"कुठं केलं होतं हो हे काम?"

"काका, गाडी परवाच शोरूममधून आणलीय."

"तरीच," गृहस्थ म्हणाले आणि बाह्या सरसावायला लागले.