अध्यक्षांनी चवीपुरते मीठ घातले

"वहिनी, तुमच्याकडे जुनी मराठी पत्रं आहेत का हो? कोणाचीही चालतील."

काकूंनी कुंपणावरून विचारलं. भोपाळच्या टी. टी. नगरातल्या सरकारी क्वार्टर्स स्मार्ट सिटीसाठी पाडायला घेतल्यापासून जवाहर चौकात कुणी जुन्या कागदांचं नाव काढलं की छातीत धस्स होतं. म्हणून मी आधी विचारलं, कशाला?

"चॅटबॉटला खाऊ घालायला. आमचा पोट्टा बनवून राहिला ना!"

"त्यात काय काकू, तो तर हल्ली मोबाइलमध्येच असतो. विचाराल ते सांगतो."

"तो शिकून-सवरून आलेला. आमचा अगदी कोरा आहे, वहिनी. नातू म्हणतो, तयार घ्यायचा नाही, शून्यातून शिकवायचा. कॉलेजचं काम आहे म्हणे. आता शून्य म्हणजे किती शून्य? पहिल्या रात्री त्यानं नुसत्या वेलांट्या लिहिल्या. अक्षर नाही, काही नाही. वेलांटीवर वेलांटी, मध्येच एक पूर्णविराम, पुन्हा वेलांट्या."

मला हसू आवरेना. काकूंचा चेहरा मात्र पणतू झाल्यासारखा. पदर खोचून त्या भिंतीला टेकल्या, म्हणजे आता अर्धा तास तरी हलणार नव्हत्या.

"त्याला व्याकरण-बिकरण कोणी सांगत नाही. मजकूर दाखवायचा आणि पुढचं अक्षर ओळख म्हणायचं. चुकला की त्याच्या पोटातले आकडे जरासे सरकवायचे. पुन्हा पुढचं अक्षर. रात्रभर हेच. पंखा असा घोंघावतो की तुमचे काका म्हणतात, पिठाची गिरणी लावली का घरात? पडद्यावर एक आकडा येतो. पुढचं अक्षर पाहून यंत्र किती दचकलं, त्याचा. आधी चारच्या वर होता, आता दोनच्या खाली आला. पोट्टा तापाचा चार्ट पाहिल्यासारखा पाहत बसतो."

"आणि वेलांट्या?"

"सुटल्या! वेलांटी व्यंजनानंतरच येते, हे त्याचं त्याला कळलं. मग 'आणि' लिहायला लागला. मग 'आहे'. 'आहे'नंतर पूर्णविराम दिला त्या दिवशी मी शिरा केला."

मोजून भाषा ओळखायची ही खोड जुनीच आहे म्हणे. मार्कोव्ह नावाच्या रशियन गणितज्ञानं 1913 साली पुश्किनच्या 'येव्गेनी अनेगिन'मधली 20,000 अक्षरं हातानं मोजली होती. स्वरामागून स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा, याचा हिशेब. काकूंनी हे नातवाकडून ऐकलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असा की, त्याच्या बायकोनं चालवून घेतलं?

पण खरी गंमत खुराकाची. घरात टाइप केलेलं मराठी काय सापडावं? एक काकूंची पाककृतींची वही, सुनेनं कधीतरी टाइप करून ठेवलेली. आणि दुसरं, काका मंडळाचे चिटणीस होते तेव्हाची सभांची इतिवृत्तं. पोरानं दोन्ही एकत्र घातलं. आठवड्याभरात यंत्र वाक्यं बोलू लागलं, आणि काकूंनी ती कॅलेंडरच्या मागे उतरवून घेतली होती. तिथंच कुंपणाशी वाचून दाखवली:

"सभेच्या सुरुवातीस कांदा बारीक चिरून मागील इतिवृत्त वाचण्यात आले. वार्षिक हिशेबास मंद आचेवर मंजुरी देण्यात आली. अध्यक्षांनी चवीपुरते मीठ घालून उपस्थितांचे आभार मानले."

मंडळाच्या सभांना मी गेलेली आहे. यंत्र फार चुकलं असं मला म्हणवत नाही.

"मी त्याला लिहिलं, बाळा, जेवलास का? तर म्हणे, 'सूचक व अनुमोदक यांच्या संमतीने.' पोट्टा डोक्याला हात लावून बसला. मी यंत्राला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नको, येईल हळूहळू."

"यंत्राला म्हणालात?"

"हो. का?"

काकू काही जगावेगळं वागल्या नाहीत. अमेरिकेत एमआयटीमधल्या जोसेफ वायझेनबाउमनं 1966 साली 'एलिझा' नावाचा संभाषणाचा प्रोग्रॅम जाहीर केला. त्याला कळत काहीच नव्हतं. ठरलेल्या नियमांनी तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीनं तो तयार होताना महिनोन्महिने पाहिला होता, आत काय आहे ते तिला ठाऊक होतं. तरी दोन-चार वाक्यं बोलून झाल्यावर ती साहेबालाच म्हणाली, जरा खोलीबाहेर जाल का? ती तर सेक्रेटरी, आमच्या काकू तर आजी.

"कोऱ्या पोरासारखं यंत्र करावं आणि मग शिकवावं, हे फार आधीच सुचलं होतं म्हणे कोणाला," काकू म्हणाल्या.

ते ॲलन ट्युरिंगचं. 1950 च्या आपल्या निबंधात त्यानं लिहिलंय की मोठ्या माणसाचं डोकं घडवण्यापेक्षा मुलाचं घडवावं आणि त्याला शिक्षण द्यावं. वर त्यानं ही अडचणही नोंदवली की असल्या पोराला शाळेत पाठवलं तर बाकीची मुलं त्याची भलतीच टिंगल करतील.

टिंगलीवर भागलं असतं तर बरं. 23 मार्च 2016 ला मायक्रोसॉफ्टनं 'टे' नावाची बॉट ट्विटरवर सोडली, लोकांशी बोलत बोलत शिकेल म्हणून. टवाळांनी तिला असं काही शिकवलं की वंशद्वेषाचं ओकायला लागली, आणि एका दिवसाच्या आत कंपनीला तिला घरी आणावं लागलं.

"म्हणूनच मी सांगितलं पोट्ट्याला," काकूंचा आवाज चढला. "मित्रांना हात लावू द्यायचा नाही. चौकातल्या चहाच्या टपरीवर तर मुळीच न्यायचा नाही. तिथली भाषा मी ऐकली आहे."

मग मुद्दा निघाला मराठी कुठली शिकवायची याचा, आणि इथं मात्र आमचं वाजलं. काकूंचं सासर नागपूरचं. 1956 साली भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपुरातून बदलून आलेल्या कारकुनांच्या बिऱ्हाडांपैकी एक. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली. मी म्हटलं, 'करून राहिला' शिकवाल त्याला? पुण्याला काय म्हणतील?

"पुण्याचं पुणे पाहील! त्यांची मराठी छापील आहे, ढिगानं मिळते. आपली कुठे आहे? आपण दही आणायला न्यू मार्केटला जातो तर अर्धं हिंदीत बोलतो, अर्धं मराठीत, आणि मध्ये एक 'खां' टाकतो. ती कोण लिहून ठेवणार?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण काकूंचं खरं होतं. जनगणनेच्या 2011 च्या आकड्यांत मध्य प्रदेशात मातृभाषा मराठी सांगणारे 12 लाखांवर आहेत, पण त्यांचं बोलणं कागदावर नाही. आणि यंत्राला कागद लागतो, तोही बेसुमार. 2020 मधल्या जीपीटी-3 नावाच्या यंत्राला शब्दांचे सुमारे 30 हजार कोटी तुकडे वाचायला घातले होते. काकूंच्या दोन वह्यांत त्यांचा चॅटबॉट कितीसा शहाणा होणार? नातवानंही कबूल केलंय की याच्याकडून हुशारीची अपेक्षा नाही, कसा शिकतो ते पाहायचंय. मला वाटतं हेच जास्त कामाचं आहे. सगळं येणारं यंत्र पाहून माणूस हात जोडतो. वेलांट्या काढणारं पाहिलं की आत काय चाललंय ते कळतं.

शिवाय शिकवायला पंडित लागतात असंही नाही. मराठी बोलण्याचे नमुने गोळा करायचा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. गावातली कमी मिळकतीची माणसं, शहरातली तशीच माणसं आणि विद्यापीठातले विद्यार्थी, अशा 36 जणांकडून मोबाइलवर 109 तासांचं मराठी रेकॉर्ड करून घेतलं. गरिबांनी वाचलेलं विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं, आणि त्या कामाचे त्यांना पैसे मिळाले. हे ऐकल्यावर काकूंनी नातवाकडे आपल्या शिकवणीचा दर काय, अशी चौकशी केली. तो म्हणाला, आजी, विजेचं बिल तू भरतेस तेवढंच पुष्कळ.

सासऱ्यांची लष्करहून आलेली पत्रं मी माळ्यावरून काढलीच. "त्यातली वाटणीची वेगळी ठेवा हो," काकूंनी बजावलं, "नाहीतर साबुदाण्याची खिचडी विचारली तर तो कोर्टात खेचेल." तेव्हा जवाहर चौकात, साउथ टी. टी. नगरात, तुळशीनगरात कुणाकडे भोपाळी वळणाचं मराठी असेल, डोहाळजेवणाच्या याद्या, रुसव्याची पत्रं, वाण्याचे हिशेब, काहीही, तर टाइप करून काकूंकडे पोचवा. इतिवृत्तं मात्र आणू नका, ती भरपूर झाली.