सव्वा तासाचा गोवा

मुंबई ते दाबोळी हवाई अंतर सुमारे 425 किलोमीटर. जेट विमान ताशी आठशेने उडतं, म्हणजे हिशेबाने अर्ध्या तासाचा मामला. वेळापत्रक मात्र सव्वा तास सांगतं. कारण कंपनीचं घड्याळ चाकांखालचे ठोकळे निघाले की सुरू होतं आणि ते पुन्हा लागले की थांबतं. मधलं धावपट्टीच्या रांगेतलं ताटकळणं, आकाशातल्या घिरट्या, सगळं ‘प्रवास’ या सदरात. वर थोडी पदरची मिनिटंही घातलेली असतातच. म्हणून तर वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान ‘वेळेवर’ पोचतं, आणि तशी घोषणा होते तेव्हा आपणही उगाच सुखावतो.

अंधेरीचा सिग्नल, दारावरची ओळखपत्राची रांग, ट्रेमध्ये उतरवलेला कमरेचा पट्टा, हे कुठल्याच तक्त्यात नसतं.

2023पासून गोव्याला मोपाचाही विमानतळ आहे. मुंबईहून हवेतून पस्तीस-चाळीस किलोमीटर जवळ! पण तो पेडण्यात, महाराष्ट्राच्या वेशीला लागून. मडगावकराने ते वाचलेले किलोमीटर टॅक्सीवाल्याकडे भरायचे, व्याजासकट. बांद्याचा माणूस मात्र गोव्याचं तिकीट काढून सरळ महाराष्ट्रात घरी जातो.